पायरीवरचं पाणी

पडदा उघडण्याआधीच मला कळतं. सकाळी जाग येते आणि खोलीच्या छतावर एक निराळा उजेड दिसतो. रोजचा उजेड खिडकीतून आत येऊन जमिनीवर उतरतो. हा मात्र बाहेरच्या जमिनीवरून उसळी घेऊन वर चढलेला असतो. फिकट, दुधाळ, आणि त्यात सावल्या जवळजवळ नसतातच. कान लावला तर मोठ्या रस्त्यावरची गाड्यांची घरघर गायब झालेली असते. ताजं हिम आवाज पिऊन टाकतं. त्याच्या कणाकणांत हवा अडकलेली असते आणि त्या बारीक कप्प्यांत शिरलेला आवाज परत बाहेर येत नाही. मी अंथरुणात तसाच पडून राहतो. स्वयंपाकघरातून बायको विचारते, "पडला का हो?" आणि मी न बघताच सांगतो, "पडला. चांगला वीतभर."

मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत आम्ही हे घर घेतलं तेव्हा या गल्लीत आम्हीच एकटे मराठी होतो. आता पुण्याची, नागपूरची पोरं आजूबाजूला राहायला आली आहेत. पहिल्या हिवाळ्यात ती हिमाचे फोटो काढतात, दुसऱ्या हिवाळ्यात कंबर धरून बसतात. कोपऱ्यावरच्या घरातला तरुण कालच फावडं टेकवून मला म्हणाला, "काका, आमचं ऑफिस आठवड्यातून दोन दिवस घरून काम करू देतं. या स्नोला तशी पॉलिसी का नाही, यार?" मी हसलो. पण त्याला म्हणावंसं वाटलं, की इथला हिम नसलेला हिवाळा तू अजून बघितला नाहीस. हिम स्वतः थंडगार असलं, तरी त्याच्याखालची जमीन उघड्या जमिनीपेक्षा ऊबदार राहते. तेच ते हवेचे कप्पे. आपली गोधडी जे करते तेच ते करतं. त्याच्याखाली मुळं तग धरतात, उंदरांची बिळं राबती राहतात. एखाद्या वर्षी हिम पडलंच नाही तर गारठा जमिनीत खोल खोल उतरत जातो आणि पाण्याचे नळ जमिनीखालीच फुटतात. या गावांनी हिमाला कितीही शिव्या घातल्या तरी ती राहतात त्याच्याच आसऱ्याला.

हे मला कळतं, कारण नोकरीभर मी पाण्याचंच काम केलं. हिवाळा सरत आला की आम्ही शेतांतून, नदीकाठांवरून हिंडायचो, साचलेल्या हिमात एक पोकळ नळी खुपसायचो, आतला गाभा काढायचो आणि नळीसकट तोलायचो. हिम किती उंच साचलं आहे याला फारसा अर्थ नसतो. कडाक्याच्या थंडीत पडणारं हिम पिठासारखं कोरडं. बुटाखाली कुरकुरतं, फुंकर मारली तर उडतं. मार्चमधलं हिम भिजलेल्या गादीसारखं जड. दोन्ही गुडघाभरच दिसतात, पण एकात ओंजळभर पाणी आणि दुसऱ्यात घागरभर. आमच्या वजनांवरून खालच्या अंगाची गावं ठरवायची की यंदा नदीकाठी वाळूची पोती रचायची की नाही. वरून दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही त्या कामाची पहिली शिकवण. मी ती पुष्कळांना शिकवली.

खूप वर्षांपूर्वी आई आमच्याकडे आली ती पानगळीच्या दिवसांत. कऱ्हाडजवळच्या गावातून निघून, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून ती इथवर आली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तांब्या घेऊन दारात उभी राहिली. पायऱ्यांवर सडा शिंपडला, रांगोळी काढली, मग आत येऊन म्हणाली, "आता हे घर वाटतंय." गार वारे सुटले तसं मी तिला बजावलं, की आता दारात पाणी टाकायचं नाही, त्याचा बर्फ होतो. ती हिरमुसली, पण तिनं ऐकलं. मग हिम पडलं आणि तिच्यापुढं नवाच पेच उभा राहिला. "पांढऱ्यावर पांढरं काय काढू रे? कुणाला दिसणार?" तिनं तांदळाच्या पिठात हळद कालवली, दुसऱ्या वाटीत कुंकू, आणि पायऱ्यांच्या कडेला हिम थापून सपाट केलं. त्या थापलेल्या पाटीवर ती पिवळी कमळं आणि लाल वेली काढायची. माझा जुना कोट, त्याखाली लुगडं, त्याखाली बूट, असा तिचा थाट असायचा. रात्रीतून नवं हिम पडलं की सगळं गडप. मला वाईट वाटायचं, तिला नाही. "बरंय की. रोज पाटी पुसून मिळते." एकदा खिडकीतून पांढरा पसारा बघत ती म्हणाली होती, "तुझ्या या देशात देव फ्रीजचं दार लावायचं विसरलाय."

शेजारी एक वयस्कर बाई एकट्या राहायच्या. उंच, हाडापेराने भक्कम, शेतावर वाढलेल्या. हिम पडलं की सकाळी स्वतःची वाट साफ करून झाल्यावर त्या न विचारता आमच्याही वाटेला हात घालायच्या. इथे तशी रीतच आहे. शेजाऱ्याच्या दारातलं हिम दिसलं की फावडं थांबत नाही, आणि त्याबद्दल कुणी फार आभार मानू लागलं तर माणसं संकोचतात. या बाईंना रांगोळीचं भारी वेड लागलं. सकाळी त्या त्यांच्या खिडकीत येऊन उभ्या राहायच्या आणि चित्र पुरं झालं की अंगठा उंचावून दाखवायच्या. मग त्या आमच्याकडे येऊ लागल्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळायचा नाही. खिडकीशी बसून पाखरं बघायच्या, चहा प्यायच्या, आणि प्रत्येकी आपापल्या भाषेत बोलायच्या. त्यांनी आईला निसरड्यावर चालायला शिकवलं: पाय उचलायचा नाही, छोटी छोटी पावलं टाकायची, पेंग्विनसारखं डुलत जायचं. आई लुगड्याचा काष्टा सावरत दिवाणखान्यात तसं चालून दाखवायची आणि दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायच्या. आई त्यांच्याकडे डब्यातून काही ना काही धाडायची. डबा कधी रिकामा परत आला नाही. "या लोकांतही रिकामा डबा देत नाहीत," आई मला कौतुकानं म्हणाली, "आपल्यातलीच आहे बाई."

त्या वर्षीच्या संक्रांतीला बायकोनं हळदीकुंकू ठरवलं होतं. दुपारी लांबलांबून बायका येणार होत्या. आदल्या दिवशी अर्धवट वितळलेलं हिम रात्री गोठलं आणि पायऱ्यांवर खडबडीत बर्फ घट्ट बसला. सकाळी ऑफिसला निघताना तो वितळावा म्हणून मी मीठ टाकून बघितलं, पण थंडी इतकी होती की मिठाचं काही चालेना. फार थंडीत मीठ नुसतं खड्यांसारखं पडून राहतं. कुदळीनं फोडायला वेळ नव्हता. मी मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं आणि वरच्या पायरीपासून ओतत खाली आलो. वाफेचा लोट उठला, बर्फ तडतडला, वरचा थर सुटा झाला. तो फावड्यानं लोटून मी पातेलं गराजमध्ये ठेवलं आणि गाडी काढली. उरलेलं पाणी खालच्या पायरीवर ओघळून चाललं होतं. मी ते पाहिलं होतं. अशा हवेत त्याचं काय होणार हे मला कुणी सांगायला नको होतं. मनात आलं, वाहून जाईल.

दहाच्या सुमारास बायकोचा फोन आला. शेजारच्या बाई डबा परत द्यायला आल्या होत्या, आमच्या पायरीवरून पडल्या, उठता येत नव्हतं. मी पोचलो तेव्हा ॲम्ब्युलन्स त्यांना घेऊन निघत होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. जमिनीवर डबा उलटा पडला होता आणि त्यातल्या केकचे तुकडे हिमावर पसरले होते.

आई दारात उभी होती, अंगावर शालही नव्हती. "माझ्यामुळं झालं रे," ती म्हणाली. "आज संक्रांत म्हणून उंबऱ्याशी चार थेंब शिंपडले. तू नको म्हणाला होतास. माझ्यामुळं पडली ती."

मी पायऱ्यांकडे पाहिलं. उंबऱ्यापाशी तिच्या बोटांतून पडलेले थेंब होते, वेगवेगळे, टिकलीएवढे, जागच्या जागी गोठलेले. आणि खाली, ज्या पायरीवर बाईंचा पाय गेला होता, तिथे काचेसारखा स्वच्छ बर्फ होता. त्याच्यातून खालचं सिमेंट दिसत होतं, आणि पाणी कसं ओघळत आलं त्याच्या लाटा त्यात तशाच थिजल्या होत्या. तो कुणाचा, हे एका नजरेत कळत होतं. म्हणजे मला कळत होतं. आईला कळत नव्हतं.

मी म्हणालो, "आई, तुला सांगितलं होतं ना, पाणी टाकू नकोस म्हणून."

वाक्यात खोटं काहीच नव्हतं. मी खरोखरच तसं सांगितलं होतं. तेवढं बोलून मी कुदळ आणली, खालच्या पायरीवरचा बर्फ फोडून काढला आणि त्यावर वाळू पसरली.

पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की आम्ही परके होतो, नवे होतो, कोर्टकचेरीची भीती होती. ती भीती खरी होती, पण गप्प मी त्या भीतीनं राहिलो नाही. बाईंच्या मनात तसलं काही आलंच नाही. स्ट्रेचरवरूनही त्या म्हणे एवढंच म्हणाल्या, की जानेवारी आहे, बर्फ असायचाच. मी गप्प राहिलो ते आईपायी. गावात ती माझ्याविषयी बोलायची तेव्हा "माझा मुलगा पाण्याचा साहेब आहे," असं म्हणायची. त्या साहेबानं भर गारठ्यात दारात उकळतं पाणी ओतलं, हे तिला कळू द्यायचं नव्हतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी तिला घेऊन मी हॉस्पिटलात गेलो. ती बाईंचा हात दोन्ही हातांत धरून बसली. मग मला म्हणाली, "तिला सांग, माझ्या हातनं चूक झाली. मी पाणी टाकलं. मला माफ कर म्हणावं." मी दोघींच्या मध्ये उभा होतो. मी बाईंना इंग्रजीत सांगितलं, की तुम्हाला दुखापत झाली याचं आईला फार वाईट वाटतंय. बाईंनी आईचा हात थोपटला आणि म्हणाल्या, इथल्या खिडकीतून नुसता पार्किंग लॉट दिसतो, तुमची फुलं दिसत नाहीत. ते मी आईला जसंच्या तसं सांगितलं. आईला वाटलं, माफी मिळाली. पण मागितली गेलीच नव्हती, तर मिळणार कुठून? निघताना तिनं मागं वळून त्यांना पेंग्विनसारखं चालून दाखवलं. बाई हसल्या आणि हसताना कळवळल्या.

त्या घरी परतल्या नाहीत. मुलीनं त्यांना आपल्याकडे ॲरिझोनात नेलं, जिथे पडायला बर्फ नाही. त्यांच्या वाटेवरचं हिम कुणी साफ केलं नाही आणि ते खिडकीच्या कठड्यापर्यंत चढलं.

मार्चमध्ये ऊन तापू लागलं. तेव्हा एक गोष्ट घडली जी मी पुन्हा कधी पाहिली नाही. पायऱ्यांच्या कडेला साचलेला ढीग वितळत खाली बसू लागला आणि आईनं हिवाळाभर काढलेल्या रांगोळ्या एकेक करून वर येऊ लागल्या. शेवटची सगळ्यांत आधी, मग तिच्या आदलीची. रंग फुटलेले, पाकळ्या एकमेकींत विरघळलेल्या, हळदीचा ओघळ कुंकवात मिसळून नारिंगी झालेला. आई खिडकीशी बसून रोज ते बघायची. संक्रांतीनंतर तिनं एकही काढली नव्हती. एप्रिलमध्ये ती परत गेली.

आई वारल्यावर काही वर्षांनी बहीण फोनवर सहज बोलता बोलता म्हणाली, "दादा, तिकडून आल्यावर आईनं गावीसुद्धा कधी सडा टाकला नाही रे. कोरड्या फरशीवरच रांगोळी काढायची. विचारलं की म्हणायची, पाणी टाकलं की कुणीतरी पडतं." कऱ्हाडच्या उन्हात सडा घातला तर तो अर्ध्या तासात सुकतो. मी बहिणीला म्हणालो, "हो का?" आणि पावसापाण्याची चौकशी केली.

इकडे आमच्या घरात त्या दिवसाची गोष्ट झाली होती. मुलांनी ती लहानपणी ऐकली, मित्रांना सांगितली, आणि सांगता सांगता तिचं दुखरं टोक झिजून ती विनोदी झाली: भारतातून आलेली आजी मिनेसोटाच्या थंडीत दारात पाणी शिंपडते. पार्टीत हमखास हशा पिकवणारी गोष्ट. मीही हसायचो.

यंदा इथल्या मराठी मंडळाची स्मरणिका निघते आहे. तिच्यात नव्या पिढीनं आपल्या आजी-पणज्यांवर लिहायचं ठरलं. माझी नात शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या रविवारी दुपारी ती लॅपटॉप घेऊन आली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. बायको गुळाच्या पोळ्या लाटत होती.

"आजोबा, फॅक्ट-चेक करायचंय. तुम्ही होतात ना तेव्हा?" असं म्हणून तिनं इंग्रजीत लिहिलेला लेख वाचून दाखवला. फार प्रेमानं लिहिला होता. त्यात ती पाणी गोठण्याचं शास्त्रही सोपं करून सांगत होती, आणि शेवटी लिहिलं होतं, की एका तांब्याभर पाण्यानं माझ्या पणजीनं शेजारणीचं हाड मोडलं.

छापलेलं वाक्य राहतं. मी म्हणालो, "एक फॅक्ट चुकलंय." आणि सांगितलं. पातेलं, खालची पायरी, माझं ते वाक्य, हॉस्पिटलातलं भाषांतर, सगळं. तिनं लॅपटॉप मिटला.

"वेट. सो इट वॉज यू?"

"हो."

"बट एव्हरीबडी थिंक्स..." ती थांबली. "आजोबा, मी ही स्टोरी माझ्या क्लासलापण सांगितलीय."

तव्यावरची पोळी उलटत बायको म्हणाली, "मला माहीत होतं."

मी तिच्याकडे वळलो.

"त्या दुपारी बायकांच्या चहाला मोठं पातेलं शोधत होते. गराजमध्ये सापडलं. तळाशी बर्फाची चकती." तिनं गॅस बारीक केला. "मलाही अक्कल आहे हो."

"मग आईला सांगितलंस का नाही?"

"म्हटलं, तुम्ही सांगाल. आज सांगाल, उद्या सांगाल. मग त्या विमानात बसल्या." पदरानं कपाळ पुसून ती म्हणाली, "माझाही वाटा आहे त्यात. एकट्यानं नका घेऊ सगळं."

बाहेर बारीक हिम पडायला लागलं होतं. ढगातलं निर्मळ पाणी नुसत्या थंडीनं सहसा गोठत नाही. शून्याच्या पुष्कळ खाली गेलं तरी ते पाणीच राहतं, आणि धुळीचा एखादा कण भेटला की मात्र त्याच्याभोवती स्फटिक धरतो, सहा बाजूंनी वाढत जातो, देखणा होतो. खिडकीतून ते बघता बघता आमच्या घरच्या त्या देखण्या गोष्टीचा विचार मनात आला. किती वर्षं ती वाढत गेली होती, आणि तिच्या पोटात माझं ते एकच वाक्य होतं.

मग नातीनं विचारलं, या वेळी मराठीत, एकेक शब्द जुळवत, "तुम्ही सांगितलं असतं तर पणजी तुमच्यावर चिडली असती?"

मी हो म्हणणार होतो. इतकी वर्षं मी तेच धरून चाललो होतो. पण तोंड उघडलं आणि आईचा आवाज स्पष्ट ऐकू आला. ती म्हणाली असती, "अगोबाई! म्हणजे माझ्या पाण्यानं नाही पडली ती?" बस्स, एवढंच. मला चार शब्द सुनावले असते ते नंतर, चहा घेता घेता. आधी तिनं सुटकेचा श्वास टाकला असता.

माझी चूक तिच्यापासून लपवली, असं मी समजत होतो. चूक काय, ती तिनं पदरात घेतलीच असती, आया घेतात. मी लपवली ती तिची सुटका. ती माझ्या खिशात होती, काढून हातावर ठेवायला क्षणभर पुरला असता, आणि मी आईला त्या सुटकेविना विमानात बसवून दिलं. पुढं ती जगली ती सगळी वर्षं कोरड्या फरशीवर वाकून रांगोळी काढत.

त्या हिवाळ्याचं पाणी त्याच वसंतात आमच्या गल्लीतून ओढ्याला आणि ओढ्यातून मोठ्या नदीला मिळून समुद्राकडे निघून गेलं. पाण्याला पोचायला वेळ लागत नाही. लागतो तो आपल्याला. आता शेजारच्या बाई नाहीत, आई नाही, आणि ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांच्यापैकी ऐकायला कुणी उरलेलं नाही. तरी सांगितलं. उशिरा सांगण्यानं कुणाचं काही भरून येतं अशी माझी समजूत नाही. निदान चुकीचं छापलं जाऊ नये.

नातीनं तिचा लेख बदलला आहे. "आता फनी नाही राहिला," ती म्हणाली, "पण खरा आहे." तो इंग्रजीत छापून येईल आणि मुलं तोच वाचतील. मी हा वेगळा, मराठीत लिहिला. आईला तेवढंच वाचता येत होतं.